वरूड ते दर्यापूर, पाण्याच्या मागावर

शनिवार, वरूड

नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागायच्या आत जाऊन यायचं, हा मामांचा हट्ट. मे संपत आला की वऱ्हाडातला दुपारचा रस्ता माणसांसाठी नसतो. म्हणून झुंजूमुंजू असतानाच अमरावती सोडली. मामांची जुनी व्हॅन, मागच्या सीटवर पाण्याच्या दोन कॅन, दुपट्टे, आणि मामांची ती प्रसिद्ध टेप. भूजल सर्वेक्षणात नोकरी केलेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरीत टेप सोडून पाणी किती खाली गेलं ते लिहून घेतलं. सरकारी निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. निवृत्तीनंतरही मे महिना आला की मामांचा हात टेपकडे जातो.

निघण्याचं कारण साधं होतं. आमच्या सोसायटीत चाळीस फ्लॅट, दोन बोर. त्यातला एक एप्रिलात हवा ओकायला लागला. सभेत सहाशे फुटांच्या तिसऱ्या बोरचा ठराव आला आणि मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "मारा न बापा, कोन अडवते. पन त्याआधी दोन-चार दिवस माह्यासंग फिरून घे."

मोर्शीच्या अलीकडे सिंभोऱ्याला थांबलो. अप्पर वर्धा धरण. नाव नल-दमयंती सागर, पण त्या नावानं कुणी हाक मारत नाही. अमरावतीच्या नळाचं पाणी इथून येतं. आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो, म्हणजे मधल्या दिवशी अख्खी कॉलनी बोरवर. धरणाच्या काठावर उभं राहून हे ध्यानात येतं की शहराचं भूजल ही वेगळी गोष्ट नाहीच. नळ जितका बेभरवशाचा, तितके बोर जास्त. पाणी कमी आहे म्हणून नव्हे, वेळेवर येत नाही म्हणून माणूस जमिनीला भोक पाडतो. ही अडचण भूगर्भशास्त्राची कमी आणि व्हॉल्व्ह-पाइपांची जास्त आहे.

वरूडला पोचेपर्यंत आठ वाजले आणि ऊन चावायला लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे. हिरवेगार आहेत म्हणावं तर मधेच एखादा बगीचा नुसत्या काटक्यांचा. मामांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या, भाऊंच्या, वावरात गेलो. बांधलेली विहीर, चाळीस फूट, तळाला वाळकी पानं आणि एक फुटका पाइप. तिच्या पोटात आडवे बोर मारलेले, तेही कोरडे. मग उभे बोर. किती, असं विचारल्यावर भाऊंनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

"पयला दोनशे फूट. थो गेला. मंग पाचशे. थोबी गेला. आता हजारावर हाये, चालते अर्धा तास, मंग बंद. पुन्हा दोन घंट्यानं चालू करा लागते."

पाणी कोणी दाखवलं? पाणाड्यानं, नारळ घेऊन. मामा हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, पाणाड्याचा नारळ चुकतो तेवढ्याच वेळा आमचं यंत्रही चुकलंय, त्यामुळे मी कुणाला हसत नाही. हा मामांचा विनय. मला तो पटत नाही, पण वाद घातला नाही.

वरूड-मोर्शीचं नाव भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत वर्षानुवर्षं आहे. कारण इथल्या झाडातच आहे. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडून ताण द्यायचा, फुलं आली की तिथून पुढं अख्खा उन्हाळा पाणी चालू ठेवायचं. म्हणजे विहिरी आटतात त्याच महिन्यांत झाडाला सगळ्यात जास्त तहान. मृग बहार पावसावर येतो, पाणी कमी लागतं, पण तो पाऊस वेळेवर पडला तर. भाऊ आंबिया धरतात, कारण शेजारी धरतो आणि व्यापारी तेव्हा येतो. आधी पाटानं पाणी द्यायचे. बुंध्याशी पाणी साचून झाडांना डिंक्या लागला, झाडं वाळली, तेव्हा ठिबक आलं. इथं ठिबक आलं ते रोगाच्या धाकानं. पाणी वाचलं हा वरचा फायदा.

याच तालुक्यानं २०१६ साली जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या पहिल्या वर्षी भाग घेतला होता. तेव्हा राज्यातले तीनच तालुके होते, वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई. माळावर चर खणले गेले, श्रमदान झालं. मग पाणी वाढलं का? भाऊंचं उत्तर मला अजून पुरतं पचलेलं नाही: "वाढलं न. म्हनूनच तं बगीचे वाढले."

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अटल भूजल योजनेतला जलअंदाजपत्रकाचा फलक रंगवलाय. गावात पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती, जनावरांना किती, पिकांना किती, आणि शेवटी तूट. तूट तांबड्या रंगात. पोरं त्या भिंतीला टेकून मोबाइल पाहत होती. तरी मला त्या भिंतीचा हेवा वाटला. तोटा का होईना, गावाला आपला हिशेब ठाऊक आहे. अमरावतीत कुठल्या वॉर्डात किती बोर आहेत आणि ते रोज किती उपसतात, हे लिहिलेली भिंत मी पाहिलेली नाही.

दुपारी भाऊंकडेच रोडगे आणि वांग्याची भाजी. त्यानंतर कुणाकडूनही भूजलाचं बोलणं शक्य नव्हतं. सगळे आडवे.

रविवार, शेंदुरजना घाट ते परतवाडा

शेंदुरजना घाट म्हणजे संत्र्याच्या कलमांचं गाव. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर डोळा बांधलेली रोपं इथून लांब लांब जातात. फार थांबलो नाही.

थांबलो ते गावाबाहेर, रस्त्यासाठी टेकडी कापली आहे तिथं. मामांनी मला त्या कापलेल्या भिंतीसमोर उभं केलं आणि पंधरा मिनिटं हलू दिलं नाही. वर दोन-तीन हात काळी माती. खाली पिवळा मुरूम, नखानं उकरता येणारा. त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, मग अखंड काळा पाषाण, त्यात दोन-चार भेगा. मग वीतभर लाल गेरूचा थर आणि त्याखाली पुन्हा तेच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. दुरडीत पोळ्या रचाव्यात तसे थर, आणि ओल फक्त दोन पोळ्यांच्या मधे. महाराष्ट्राचा पाचातला चार भाग याच खडकावर उभा आहे, आणि आमची सोसायटीसुद्धा.

"आता सांग, पानी कुठं ऱ्हाईन?" मामांनी विचारलं.

मुरमात आणि मांजऱ्यात. काळ्या पाषाणात फक्त भेगांमधे. खोल जावं तशा भेगा बारीक होत जातात, कमी होत जातात. शंभर घनमीटर झिजलेल्या खडकातून हाती लागणारं पाणी साधारण दोन घनमीटर. म्हणजे सहाशे फुटांचा बोर मारला म्हणून तिथं नवं तळं सापडत नाही. बहुतेकदा काय होतं, तर तो वरच्याच थरांना भोक पाडून पाणी खाली उतरवतो, आणि शेजारची चाळीस फुटी विहीर कोरडी होते. वरच्या थरात दरवर्षी पाऊस मुरतो. खालच्या भेगांत साठलेलं पाणी किती वर्षांचं आहे कोण जाणे, आणि ते भरून यायलाही तितकीच वर्षं लागणार.

कायद्याला हे कळलेलं आहे, हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं. १९९३च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको म्हटलं. २००९च्या कायद्यानं ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांच्या खालची ती खोल विहीर, असं ठरवून तिच्यावर बंधनं घातली. आणि गावोगाव बोरच्या गाड्यांवर हजार फुटांचे दर रंगवलेले आहेत. गाडीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला बोलावतो कोण?

परतवाड्याकडे जाताना डाव्या हाताला सखल मुलूख आणि उजव्या हाताला सातपुडा, चिखलदऱ्याचा पठारी माथा धुरकट दिसणारा. इथं खडकाचा कारभारच बदलतो. सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर या नद्या डोंगरातून धावत येतात आणि सपाटीला लागल्याबरोबर सोबतचे गोटे, रेती, गाळ टाकून देतात. हजारो वर्षांचा तो ढिगारा डोंगराच्या पायाशी पट्ट्यासारखा पसरलाय. भूजलवाले त्याला बजाडा म्हणतात. सापनच्या पात्रात उतरलो: नुसते गोटे, डोक्याएवढे, कलिंगडाएवढे. पावसाळ्यात पूर येतो आणि काही कोसांत पाणी गडप. ते वाया गेलेलं नसतं. खालून पूर्णेच्या खोऱ्याकडे निघालेलं असतं.

थोडक्यात, हा पट्टा म्हणजे खालच्या सगळ्या मुलखाची पाणी भरायची जागा. नाल्याच्या तळाशी रेती-गिट्टीची गाळणी करून खाली पाइप सोडला, की असे पुनर्भरणाचे शाफ्ट इथं झपाट्यानं पाणी पितात. तोच खर्च काळ्या पाषाणावर केला तर खड्डा डासांची सोय करतो. पुनर्भरण कुठंही करा, पुण्य लागतंच, असा जो समज शहरात आहे तो इथं येऊन तपासून घ्यावा. आणि नेमक्या याच पट्ट्यावर ले-आउट पडतायत, रेती उचलली जातेय. मला वाटतं, खालच्या शहरांनी पाण्यासाठी पैसा खर्चायचाच असेल तर आपल्या हद्दीबाहेर, या गोट्यांवर खर्चावा. नगरसेवकाला ते पटवणं अवघड, कारण इथला मतदार त्याचा नाही.

संध्याकाळी अचलपूर. इमादशाहीची राजधानी, एकेकाळी वऱ्हाडातलं सगळ्यात मोठं शहर. गावाबाहेर हौज कटोरा आहे: कोरड्या तळ्यात उभा असलेला अष्टकोनी मजली महाल. पाण्याच्या मधोमध बसून हवा खाण्यासाठी बांधलेला असावा. आता भोवती पाण्याचा टिपूस नाही. दोन मुलं आतमधे पत्ते खेळत होती. आम्हाला पाहून त्यांनी पत्ते लपवले, मग आम्ही बिनकामाचे आहोत हे कळल्यावर पुन्हा काढले.

मामांना मात्र तिथं बुऱ्हाणपूर आठवलं. याच सातपुड्याच्या पायथ्याशी, आता मध्य प्रदेशात, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, एका फारसी भूगर्भज्ञानं कुंडी भंडारा बांधला. डोंगराच्या पोटातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून नुसत्या उतारावर शहरात आणलं. शंभरावर कुंड्या, पंप नाही. त्यातली खरी हुशारी मामांनी सांगितली तेव्हा मला कळली. उतारावर येणारं पाणी डोंगर देईल तेवढंच येतं. पाऊस कमी झाला की धार बारीक होते आणि शहराला ते दिसतं. जास्त ओढण्याची सोयच नाही. पंपानं ती अडचण दूर केली, आणि सूचनाही.

सोमवार, अंजनगाव सुर्जी

अंजनगाव सुर्जी शाळेच्या पुस्तकात १८०३च्या तहापुरतं येतं. गावातलं खरं पाहण्यासारखं म्हणजे पानमळे आणि पानपिंपरी हा औषधी वेल. उन्हात होरपळलेल्या मुलखात एकदम शेवऱ्यांची दाट सावली, आत ओला गारवा, वेलांना दिलेलं बारीक पाणी. बजाड्याच्या खाली आणि खाऱ्या पाण्याच्या मुलखाच्या वर अशी ही गोड्या पाण्याची पट्टी आहे. मळ्यातले बाबा म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या वेळी मोट होती, दोन बैल दिवसभर चालले तरी विहीर वाकत नसे. आता मोटर अर्ध्या तासात वाकवते.

मामांनी टेप सोडली, आकडा वहीत लिहिला. तो आता कुणाला द्यायचा नव्हता.

इथं एक धोका असा की गोड पट्टीतून फार उपसा झाला तर खालच्या अंगाचं खारं पाणी हळूहळू सरकत वर येऊ शकतं. ते आलं की पंप बंद करून परत पाठवता येत नाही.

रात्री मुक्कामाच्या खोलीत विजेचा खेळ चालू होता, म्हणून अंगणात बाज टाकून बसलो आणि मामांनी माझ्याकडून आमच्या सोसायटीचा हिशेब करून घेतला. चाळीस घरं, घरटी चार माणसं, एकशेसाठ. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप. झाले २१,६०० लिटर. आमचा प्लॉट साधारण एक एकर, चार हजार चौरस मीटर. खडकात पाणी दोन टक्के, म्हणजे पातळी एक मीटर उतरली की आमच्या जमिनीखालून ऐंशी हजार लिटर गेले. चार दिवसही नाही पुरत. मग आपण वर्षभर कुणाचं पाणी पितो?

"शेजाऱ्याचं," मामा म्हणाले, "अन् थो तुमचं."

गच्चीचाही हिशेब केला. हजार चौरस मीटर गच्ची, अमरावतीला पाऊस साधारण ८०० मिलिमीटर, थोडं उडालं-सांडलं सोडून सहा लाख चाळीस हजार लिटर. म्हणजे अख्ख्या पावसाळ्याचं गच्चीवरचं पाणी सोसायटीला पुरतं महिनाभर. रेन वॉटर हार्वेस्टिंग केलं की पाण्याचा प्रश्न सुटला, हे जे पत्रकांवर छापतात, त्याची मला तिथं चीड आली. एक महिना! पण मामा म्हणाले, उलटं पाहा. बोर फक्त नळ न येण्याच्या दिवसांपुरता, अन् फक्त वापरायच्या पाण्यापुरता ठेवला, तर हाच एक महिना मे महिना होऊ शकतो. बाकी अकरा महिन्यांसाठी सिंभोऱ्याच्या पाण्याचं वाटप सुधारायला भांडा, खडकाशी भांडू नका.

मग सोसायटीत करायच्या गोष्टी निघाल्या, त्या फार मोठ्या नाहीत. बोरवर मीटर. सगळ्यांनी मिळून ठरवलेले पंपाचे तास. कंपाउंडच्या कोपऱ्यात एक जुनी विहीर आहे, इथं मळा होता तेव्हाची; तिच्यात निर्माल्य आणि थर्मोकोल पडतं. तिचा गाळ काढून गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडायचं, कारण ती वरच्या मुरमातून पिते आणि त्याच मुरमाला पाजते. सेप्टिक टँकपासून लांब आहे ना, हे मामांनी दोनदा विचारलं. शहरातल्या जमिनीत तसंही बरंच काही मुरत असतं, गळक्या नळाचं चांगलं पाणी आणि गटाराचं घाण पाणी दोन्ही. शहरातल्या भूजलाचा थोडाफार वाटा गळतीच भरते, हे ऐकून हसावं की काय कळेना.

मंगळवार, दर्यापूर

दर्यापूरच्या वाटेवर मातीचा रंग गडद होत गेला आणि झाडं कमी होत गेली. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून शेकडो गावं पूर्णेच्या दोन्ही अंगांना या पट्ट्यात आहेत. पूर्णेचं खोरं म्हणजे खचलेली खोल चर, गाळानं भरलेली. चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार तिथंच राहतात. पाणी आहे. वरूडच्या मानानं हाताशी आहे. पण चूळ भरली तर तोंड वाकडं होतं. पिकाला दिलं तर जमीन दगडासारखी होते, म्हणून ओलिताची विहीर कुणी पाडत नाही. पराटी म्हणजे कपाशी, तूर, आणि पावसाच्या ओलीवर येणारा हरभरा.

वरूडला हजार फूट खाली जाऊनही पाणी नाही, आणि इथं एवढं असून प्यायला नाही. दोन्ही एकाच जिल्ह्यात, व्हॅननं तीन-चार तासांच्या अंतरावर.

इथं लोकांनी वाट काढलीय ती वरच्या पाण्याची. शेततळी. काळी माती अशी चिवट की कित्येक तळ्यांना प्लास्टिकसुद्धा लागत नाही. एका वावरात ऑक्टोबरात हरभऱ्याला दोन पाणी देण्याइतकं तळं होतं. आता तळाशी भेगा आणि बगळ्याची पावलं. तळ्याचे मालक, सत्तरी ओलांडलेले आबा, आम्हाला गावात घेऊन गेले. पिण्याचं पाणी सातपुड्यातल्या शहानूर धरणावरून पाइपानं येतं, घरोघरी मोठे ड्रम आणि कोपऱ्यावर आरओचं मशीन. नळ आला की गावात आवाज होतो, बाया हातातलं काम टाकून धावतात. आबांच्या सुनेनं आम्हाला तांब्या दिला तेव्हा तो अर्धाच भरलेला होता. मी तेवढा सगळा प्यायले.

आबांनी अमरावतीची चौकशी केली. बोर, मीटर, विहीर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या जमिनीत गोडं पानी हाये न? मंग त्याच्यात निर्माल्य कायले टाकता?"

मामा खो खो हसत सुटले.

परतताना व्हॅनमधे मी गाळ काढणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, मृगाच्या आत करायचं तर याच आठवड्यात यावं लागेल, फुटामागे दर अमुक, थर्मोकोल असेल तर वेगळे पैसे. भाव कमी करायला मी मामांच्या हातात फोन दिला. भातकुलीपर्यंत त्यांची घासाघीस चालली होती आणि शंभर रुपयांवर अडली होती.